बोनेअरच्या पाण्यात: स्नॉर्केलिंग की डायव्हिंग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेदरलँड्समध्ये राहायला आल्यापासून मी चार वेळा कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर जाऊन आले. पहिल्या खेपेला फक्त स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगणं) केलं, दुसऱ्या खेपेला तिथेच डायव्हिंगचा कोर्स केला आणि गेल्या वेळी आईला आणि लेकीला घेऊन गेले. तेव्हापासून ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहून काढली. माझं मत आधीच सांगते: या बेटावर स्नॉर्केलिंग म्हणजे डायव्हिंग न जमणाऱ्यांची सोय नव्हे. तुम्हाला पाण्यात स्वस्थ राहता येतं की नाही, यावर इथे किती दिसेल ते ठरतं. पाठीवर सिलिंडर आहे का, हा त्यानंतरचा प्रश्न.

बोनेअर नेमकं कुठे आहे? आणि कॅरिबियनमध्ये एवढी बेटं असताना तेच का?

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटर उत्तरेला. क्षेत्रफळ जेमतेम २८८ चौरस किलोमीटर, राजधानी क्रालेन्डाइक. ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, पण चलन अमेरिकन डॉलर आणि घराघरांतली भाषा पापियामेंतू.

तेच का, याचं उत्तर जमिनीच्या ठेवणीत आहे. बेट कोरडं आहे. निवडुंग, चुनखडी, मिठागरं. मोठी नदी नाही, त्यामुळे गाळ वाहून समुद्रात येत नाही आणि पाणी नितळ राहतं. व्यापारी वारे वर्षभर पूर्वेकडून येतात, म्हणून पश्चिम किनारा आडोशाला पडतो आणि बहुतेक दिवस तिथलं पाणी तलावासारखं असतं. शिवाय प्रवाळभित्ती किनाऱ्याला लागूनच सुरू होते. आधी दहाएक मीटर खोलीपर्यंत उथळ पट्टा, मग एकदम उतार. बऱ्याच ठिकाणी काठावरून पाच-दहा मिनिटं पोहलात की त्या उताराच्या कडेवर असता. इतर बऱ्याच ठिकाणी यासाठी बोटीने जावं लागतं.

दोन्हींत खरा फरक काय?

स्नॉर्केलिंगमध्ये तुम्ही पृष्ठभागावर पालथे तरंगता, नळीतून बाहेरची हवा घेता आणि खाली बघता. डायव्हिंगमध्ये हवा सोबत नेता. तिथे सर्रास मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची धारणक्षमता सुमारे ११ लिटर असते आणि त्यात २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट, दाबाने हवा भरलेली असते. म्हणजे साधी हवा २,२०० लिटरच्या आसपास. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, त्यामुळे हवाही दुप्पट वेगाने संपते. शांत श्वास घेणाऱ्याला तेवढ्या खोलीवर पन्नास मिनिटं ते तासभर पुरते, धडपडणाऱ्याला अर्धा तासही पुरत नाही.

माझ्या दृष्टीने मोठा फरक मात्र थांबण्याचा आहे. स्नॉर्केलर वरून सरकत जातो, आवडलं तर श्वास रोखून खाली बुडी मारतो, दहा-वीस सेकंदांनी वर येतो. डायव्हर एका दगडापाशी वीस मिनिटं तरंगत राहू शकतो. प्रवाळावर काही ठरावीक जागा असतात, तिथे मोठे मासे अंग साफ करून घ्यायला येतात. मासा तोंड उघडून, कल्ले फाकवून स्तब्ध उभा राहतो आणि बोटाच्या पेराएवढी पारदर्शक कोळंबी त्याच्या तोंडात शिरून बाहेर येते. वरून जाणाऱ्याला तिथे फक्त एक मासा उभा दिसतो.

म्हणजे फक्त स्नॉर्केलिंग केलं तर निम्मं बेट बघायचं राहूनच जाईल ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाणी प्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सात मीटरनंतर लाल मलूल होतो, आणखी खाली सगळं निळं-राखाडी. म्हणजे खरे रंग उथळ पाण्यातच असतात आणि ती जागा स्नॉर्केलरची. पोपटमासे, एंजलफिश, निळ्या टँग माशांचे थवे, हिरवी कासवं, रांगेत तरंगणारे स्क्विड, हे सगळं मी दोन-तीन मीटर पाण्यात पाहिलंय. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा आवाज वर तरंगतानासुद्धा स्पष्ट येतो. कोणी खडीसाखर चावतंय असा. डायव्हरला स्वतःच्या बुडबुड्यांच्या गडगडाटात तो बऱ्याचदा ऐकूच येत नाही.

पहिल्या खेपेचं एक सांगते. धक्क्याच्या एका खांबावर, माझ्यापासून हातभर खाली, तळहाताएवढा जांभळट डाग होता. आधी वाटलं शेवाळ असेल. मग काळे पट्टे असलेला एक छोटा मासा पुन्हा पुन्हा त्याच्यासमोर येऊन माझ्याकडे तोंड करून उभा राहायला लागला. तो सार्जंट मेजर जातीचा नर आणि तो डाग म्हणजे त्याची अंडी. पिल्लं बाहेर येईपर्यंत नरच राखण करतो आणि त्या काळात त्याच्या अंगावर निळसर झाक येते. मी चाळीस मिनिटं तिथेच होते. एक पिवळा मासा अंड्यांवर टपून होता, त्याला या एवढ्याशा बापाने कितीदा हुसकावलं ते मोजायचं मी सोडून दिलं. हे पाहायला सिलिंडर लागत नाही.

डायव्हिंग न केल्याने राहतं ते दुसरं: उतारावरचं जग. मोठे स्पंज, बारा-पंधरा मीटरखालच्या कपारी, बुडालेलं जहाज, आणि आपण त्या दृश्याच्या आत असल्याची भावना. ती हवी असेल तर डायव्हिंगला पर्याय नाही.

मला पोहता येत नाही. काय करू?

आधी पोहायला शिका. स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडे ‘लाइफ जॅकेट असतं की’ असं म्हणून विषय संपवतात. जॅकेट घालून उथळ पाण्यात तरंगता येतं, पण नळीत पाणी गेलं की न पोहणारा माणूस घाबरतो आणि पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पायाखालच्या प्रवाळावर उभा राहतो. पाय कापतो आणि कित्येक वर्षांत वाढलेलं प्रवाळ मोडतं. निघण्याआधी तीन-चार महिने गावातल्या पोहण्याच्या तलावात जा. वेग नको, पालथं-उताणं दहा मिनिटं निवांत तरंगता आलं पाहिजे. डायव्हिंगच्या कोर्सलाही साधारण हीच अट असते: २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं.

मालवणला स्कूबा केलंय. तो अनुभव मोजतात का?

तारकर्ली-मालवणला बहुतेकांनी केलेलं असतं ते ‘अनुभव डाइव्ह’. प्रशिक्षक मागून धरतो, आपण फक्त श्वास घेतो. त्याचं प्रमाणपत्र डायव्हरचं नसतं, त्यामुळे बोनेअरला त्यावर स्वतंत्र डाइव्ह करता येणार नाही. तरी तो अनुभव वाया गेला असं समजू नका. तोंडाने श्वास घ्यायची सवय आणि कानांवरच्या दाबाची ओळख झालेली असते आणि ते बरंच आहे. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत पूर्ण कोर्सही होतात, तो केला असेल तर त्याचं प्रमाणपत्राचं कार्ड जगभर चालतं.

एक फरक मनाशी धरून जा. मालवणच्या पाण्यात दहा मीटरपलीकडचं दिसलं तर दिवस चांगला. बोनेअरला वीस-तीस मीटर दिसणं नेहमीचं. त्यामुळे खोलीचा अंदाज चुकतो. तळ जवळच वाटतो आणि खोलीमापक भलताच आकडा दाखवत असतो.

कोर्स तिथेच करावा की आधी करून जावं?

सुट्टी आठवड्याची असेल तर पुस्तकी भाग आणि तलावातला भाग घराजवळ उरका आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तिथे करा. अशी विभागणी बहुतेक संस्था करू देतात. दहा-बारा दिवस असतील तर सगळं तिथेच करा, इतकं शिकण्याजोगं पाणी क्वचित मिळतं. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सच्या कार्डावर १८ मीटरपर्यंत जाता येतं, त्यापुढच्या ॲडव्हान्स्डवर ३० पर्यंत. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर.

कोर्स न करता एकदाच बघायचं असेल तर प्रशिक्षकासोबत १२ मीटरपर्यंतची ओळख-डाइव्ह असते. मुलांना दहाव्या वर्षापासून ओपन वॉटरचा ज्युनिअर कोर्स करता येतो.

चष्मा आहे. खाली काही दिसेल का?

दिसेल. नंबरचे मास्क मिळतात. उणे नंबरचे तयार भिंगाचे सहज मिळतात, दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर आधी कळवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही चालतं, फक्त मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटून काढायचं. पाण्यात वस्तू मुळातच जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे किरकोळ नंबर असेल तर नंबर नसलेला मास्कही चालून जातो.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ का? त्यात नाकाने श्वास घेता येतो म्हणे.

माझा सल्ला: नको. नाक चिमटीत धरता येत नाही, त्यामुळे कानाचा दाब काढता येत नाही आणि दोन मीटरसुद्धा खाली जाता येत नाही. आणीबाणीत झटकन काढायलाही तो अवघड. साधा दोन डोळ्यांचा मास्क घ्या, फक्त तो चेहऱ्यावर बसणारा हवा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर मास्क पडला नाही तर तो तुमचा. मिशी असलेल्यांना थोडं पाणी झिरपणारच, वरच्या ओठावर व्हॅसलीन लावलं की बरंच थांबतं.

कान दुखतात. सोडून द्यावं का?

दुखेपर्यंत थांबायचंच नसतं. पहिल्या मीटरपासून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि दर अर्ध्या-एक मीटरला पुन्हा. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दहा मीटरांत होतो, कारण दाब तिथे एकपटीचा दुप्पट होतो. त्यापुढे तो फरक प्रमाणाने कमी होत जातो.

सर्दी असेल तर डायव्हिंग नाही म्हणजे नाही. दुसऱ्या खेपेला मला किंचित सर्दी होती. पैसे भरलेत, दिवस मोजके आहेत, म्हणून गोळी घेऊन उतरले. खाली सगळं ठीक होतं. वर येताना गोळीचा असर ओसरला, कपाळात सळ उठली आणि मास्कमध्ये रक्त दिसलं. गंभीर काही झालं नाही, पण उरलेले चार दिवस काठावर बसून लाटा मोजल्या. त्या चार दिवसांत वरवरचं स्नॉर्केलिंगही करता आलं नाही, कारण डॉक्टरांनी पाण्यात जायलाच मनाई केली होती.

दमा, हृदयविकार, फुप्फुसाची किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर डायव्हिंगचं कळणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गरोदरपणात डायव्हिंग करू नये.

बोटीचं बुकिंग करावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही आणि हेच या बेटाचं वैशिष्ट्य. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यांवर जागेचं नाव लिहिलेलं असतं. दगडाशेजारी गाडी लावायची, साहित्य चढवायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. काठावरून करता येतील अशा पन्नासहून जास्त जागा आहेत. त्यामुळे सगळे मागे हौदा असलेला ट्रक भाड्याने घेतात. दुकानात गाडीतूनच सिलिंडर उचलायचे, रिकामे परत टाकायचे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडीत काहीही ठेवू नका. पाकीट, फोन, पासपोर्ट, काहीच नाही. काठावर लावलेल्या गाड्यांमधून चोऱ्या होतात, आणि आत काही नाही हे दिसावं म्हणून लोक काचाही उघड्या ठेवतात. दुसरं म्हणजे जाड तळाचे पाण्यातले बूट. काठ वाळूचा नाही. मोडक्या प्रवाळाचे तुकडे, घसरडे दगड, मध्येच अर्चिन, म्हणजे काट्यांच्या गोळ्यासारखे समुद्री जीव. बरेचसे अपघात खोल पाण्यात होत नाहीत, इथे गुडघाभर पाण्यात तोल जाऊन होतात.

स्नॉर्केलिंगला कुठल्या जागा चांगल्या, डायव्हिंगला कुठल्या?

क्लाइन बोनेअर हे समोरच, जेमतेम पाऊण किलोमीटरवरचं निर्मनुष्य बेट. क्रालेन्डाइकहून छोटी बोट सोडते. तिथे प्रवाहाच्या वरच्या अंगाला उतरायचं आणि पाण्याबरोबर वाहत परत यायचं. हातपाय मारावे लागत नाहीत, खालून प्रवाळ सरकत राहतं. एकच दिवस स्नॉर्केलिंग करणार असाल तर तो इथे घालवा. माझ्या आईला सगळ्यात आवडलेली जागा हीच. सावलीला मात्र तिथे फारसं काही नाही, पाणी आणि टोपी न्या.

‘वन थाउझंड स्टेप्स’ या जागेच्या पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास आहेत. नाव पडलं ते सिलिंडर पाठीवर घेऊन वर चढताना जे वाटतं त्यावरून. स्नॉर्केलरला फक्त फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पंख, हातात घेऊन चढायचं असतं, त्यामुळे ही जागा त्याच्यावर जास्त मेहेरबान. कासवं इथे बऱ्याचदा दिसतात.

दक्षिणेला सॉल्ट पिअर. मिठाचे पांढरेशुभ्र डोंगर, गुलाबी मिठागरं आणि जहाजात मीठ भरायचा धक्का. धक्क्याला जहाज लागलेलं असताना पाण्यात उतरता येत नाही. एरवी मात्र ही जागा स्नॉर्केलर आणि डायव्हर दोघांचीही. खांबांवर स्पंजांचे थर, त्यांतून उन्हाचे तिरपे पट्टे येतात आणि थवे त्या उजेडात शिरतात, बाहेर पडतात. खांबांवर नारिंगी कप-प्रवाळही भरपूर दिसतं. ते मूळचं आपल्याकडच्या हिंद-प्रशांत महासागराच्या पट्ट्यातलं, विसाव्या शतकात कॅरिबियनमध्ये पोचलेलं.

त्याच रस्त्यावर, मिठागरांशेजारी, दगडी झोपड्यांच्या रांगा लागतात. उंची माणसाच्या छातीपर्यंत. १८५० च्या सुमारास बांधलेल्या या झोपड्यांमध्ये मिठागरावर राबणारे गुलाम रात्री झोपत. तिथे थांबा. मुलांना वाकून आत जायला सांगा. माझी लेक बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

डायव्हरसाठी ‘हिल्मा हूकर’. ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज, त्यावर गांजाचा मोठा साठा सापडला होता. १२ सप्टेंबर १९८४ रोजी ते इथे बुडालं. आता सुमारे ३० मीटरवर उजव्या कुशीवर आडवं आहे आणि त्याचा सगळ्यात वरचा भाग अठराएक मीटरवर येतो. पाणी स्वच्छ असेल तर पृष्ठभागावरून अंधूक आकार दिसतो, पण त्यासाठी स्नॉर्केलरने मुद्दाम एवढं पोहत जावं असं मला वाटत नाही.

उत्तरेला कार्पाटा. उतार सुंदर, पण उतरायची जागा अवघड, नवख्यांनी सोबतीशिवाय जाऊ नये. पूर्व किनाऱ्यावर वाऱ्याच्या लाटा थेट आदळतात, तिथे आपण जायचं नाही. अपवाद लाक बे या उथळ खाडीचा. तिथली खारफुटी मार्गदर्शकासोबत कायाकमधून किंवा स्नॉर्केलिंग करत बघता येते.

रात्री पाण्यात जाण्यासारखं काय आहे?

खूप आहे, पण पहिल्या दिवशी नको. जागा आधी दिवसा बघून ठेवायची. काही जातींचे पोपटमासे रात्री तोंडातून चिकट पदार्थ सोडून स्वतःभोवती पारदर्शक पिशवी करतात आणि आत झोपतात. ऑक्टोपस बाहेर पडतात. माणसाएवढे टार्पन मासे तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार करायला खांद्यावरून येतात. ते काही करत नाहीत, पण पहिल्यांदा छातीत धस्स होतं. टॉर्च झोपलेल्या माशावर रोखू नका, टार्पन त्यालाच गिळतो.

पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, अंधार पडल्यावर थोड्याच वेळात, टॉर्च बंद करून थांबा. ऑस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे जीव जोडीदाराला बोलावण्यासाठी पाण्यात निळे ठिपके सोडत वर चढतात. ओळीने ठिपके उमटतात आणि विझतात.

शार्क असतात का? कशाची भीती बाळगावी?

शार्क क्वचित दिसतात, दिसलाच तर बहुधा तळाशी झोपलेला निरुपद्रवी नर्स शार्क. त्रास देणाऱ्या गोष्टी लहान आहेत: अर्चिनचे काटे, हात लागला की भाजल्यासारखं होणारं मोहरी रंगाचं अग्निप्रवाळ, दगडासारखा पडून राहणारा विंचूमासा. कशालाच हात लावायचा नाही, एवढं पाळलंत तर तिन्हींपासून वाचाल.

आणि ऊन. बेट विषुववृत्तापासून फक्त बारा अंशांवर आहे. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी मांड्यांची मागची बाजू आणि मान सोलवटलेली असते. अंगभर बाह्यांचा पाण्यातला शर्ट आणि लेगिंग घाला. इथे बहुतेक जण तेच घालतात, कोणी वळून बघत नाही. मग सनस्क्रीनही फक्त चेहऱ्यापुरतं लागतं आणि तेही झिंक ऑक्साइडचं, प्रवाळाला घातक रसायनं नसलेलं घ्या.

आई-वडिलांना घेऊन जावं का?

प्रकृती ठीक असेल तर जरूर. आई चौसष्टची होती. तिला पोहता येतं, विहिरीत शिकलेली, पण समुद्रात कधी उतरली नव्हती. पहिले दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात फक्त मास्क लावून तोंड बुडवायचा सराव केला. तिसऱ्या दिवशी हात धरून धक्क्यापाशी नेलं. दहा मिनिटांनी तिनेच माझा हात सोडवून घेतला, कारण मी मध्ये येत होते आणि तिला कासव दिसत नव्हतं.

साठीपुढच्या नवख्यांनी स्नॉर्केलिंगआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, जोरात पोहू नये आणि एकट्याने कधीच उतरू नये.

नियम आणि शुल्क काय आहे?

बेटाभोवतीचा सगळा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, १९७९ पासून सागरी उद्यान आहे. व्यवस्था स्टिनापा ही संस्था बघते. भाल्याने मासेमारी तर १९७१ पासूनच बंद. या सगळ्याच्या मागे असलेल्यांपैकी एक कॅप्टन डॉन स्टुअर्ट. १९६२ मध्ये ते बोटीने इथे आले, आधी त्यांनी स्वतः मासे मारून विकले आणि मग उरलेलं आयुष्य हा समुद्र राखण्यात घालवलं.

पाण्यात उतरण्यासाठी निसर्गशुल्क भरावं लागतं. २०२३ पासून ते ४० डॉलर आहे, एका कॅलेंडर वर्षासाठी, आणि स्नॉर्केलर असो की डायव्हर, सारखंच. डायव्हरना शिवाय माहितीसत्र आणि एक चाचणी-डाइव्ह सक्तीची. त्यात तरंगण्यावर ताबा आहे का ते बघतात. हातमोजे घालायला बंदी आहे, कारण मोजे घातले की माणूस धरायला बघतो. नांगर टाकता येत नाही, बोटी कायमच्या तरंगत्या बोयांना बांधतात. शिंपला, प्रवाळ, काहीही घरी आणायचं नाही, मेलेलंसुद्धा.

हे शुल्क जास्त वाटतं असं काही जण म्हणतात. मला वाटत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं. तिथे प्रवाळावर उभे राहून फोटो काढणारे पर्यटक मी स्वतः पाहिले आहेत आणि त्यांना कोणी हटकत नव्हतं. आपल्या समुद्रासाठीही कोणी असे ४० डॉलर मागावेत आणि त्याचा हिशोब द्यावा, असं मला फार मनापासून वाटतं.

प्रवाळ मरत चाललंय असं ऐकलं. मग जाण्यात अर्थ आहे का?

ऐकलंय ते खोटं नाही. १९८३ मध्ये काळे लांब काट्यांचे अर्चिन साथीने संपूर्ण कॅरिबियनमध्ये मेले. ते शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवत. त्याच दशकात सांबरशिंगासारख्या फांद्यांचं प्रवाळ पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने गेलं. २००९ मध्ये लायनफिश आला, हाही मूळचा हिंद-प्रशांतचा. तो इथली पिल्लं खातो आणि त्याला खाणारं इथे जवळपास कोणी नाही. मार्च २०२३ मध्ये प्रवाळाच्या उतींचा नाश करणारा रोग बेटावर आढळला आणि पाठोपाठ गरम पाण्याने प्रवाळ पांढरं पडलं. मेंदूच्या घड्यांसारखं दिसणारं एक मोठं प्रवाळ मला दुसऱ्या खेपेपासून ओळखीचं होतं. गेल्या वेळी त्याचा अर्धा भाग खडूसारखा पांढरा आणि अर्धा शेवाळाने माखलेला होता. मी त्याच्या बाजूला थोडा वेळ थांबले.

दुसरी बाजूही आहे. २०१० पासून पोपटमाशांना संरक्षण आहे, त्यामुळे शेवाळ खाणारी तोंडं पुष्कळ आहेत. स्वयंसेवक झाडासारख्या सांगाड्यांवर फांदी-प्रवाळाचे तुकडे टांगून वाढवतात आणि मोठे झाले की भित्तीवर लावतात. ही रोपवाटिका डायव्हरना जवळून बघता येते. रोग पसरू नये म्हणून साहित्य जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायची सोय केलेली असते. ती टाळू नका, स्नॉर्केलरनीसुद्धा.

कधी जावं?

बेट वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आहे, त्यामुळे वर्षभर जाता येतं. पाणी २६ ते २९ अंश. लांबच्या वादळाने वारा उलटा फिरला तर पश्चिम किनाऱ्यावरही लाटा येतात. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये लेनी वादळाने उथळ प्रवाळाची अशीच धूळधाण केली होती. दिवसातली वेळ विचाराल तर सकाळ. स्नॉर्केलरने नऊच्या आधी पाण्यात असावं.

विमान आणि व्हिसा?

ॲमस्टरडॅमहून थेट विमानं आहेत, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतूनही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी एक नीट लक्षात घ्यावं: बेट नेदरलँड्सचं असलं तरी शेंगेन, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाच्या, क्षेत्रात नाही. तुमच्याकडे असलेल्या व्हिसावर प्रवेश मिळतो की वेगळा कॅरिबियन व्हिसा लागतो, ते तिकीट काढण्याआधी डच दूतावासाकडून लेखी घ्या. प्रवेशकर ७५ डॉलर, लहान मुलांना कमी. निसर्गशुल्क याहून वेगळं.

परतीच्या विमानाआधी किती वेळ थांबायचं?

एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक केल्या असतील तर किमान १८. मी पूर्ण दिवस सोडते. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात दाब कमी झाला की उरलेल्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या, चक्कर असं काही डाइव्हनंतर जाणवलं तर ‘दमलो असू’ म्हणून झोपू नका, लगेच सांगा. क्रालेन्डाइकच्या रुग्णालयात यावर उपचार करायचा दाबकक्ष आहे.

स्नॉर्केलिंगला असं बंधन नाही. म्हणून शेवटचा दिवस आम्ही त्यासाठीच ठेवतो.

क्रूझने येतोय, हातात पाच-सहा तास आहेत. काय करू?

डायव्हिंगचा विचार सोडा. नवख्याला कागदपत्रं, माहिती, सराव यांतच निम्मा वेळ जातो आणि घाईत पाण्यात उतरणं चांगलं नाही. धक्क्यावरून चालत गावात या, क्लाइन बोनेअरची बोट पकडा आणि परतीची वेळ आधी विचारून ठेवा. स्वतःचा मास्क आणा, भाड्याचा चेहऱ्यावर बसेलच असं नाही. वेळ उरला तर गावाच्या कडेला ज्या धक्क्यावरून पोहायला परवानगी आहे तिथे उतरा, पहिल्या खांबापाशीच थांबा आणि हातभर खाली जांभळा डाग शोधा.